दुधाचं चीज

वेळवंडीच्या खोऱ्यातल्या त्या वाडीत कुणाचीही म्हैस व्याली, की रेडकू चार पायांवर उभं राहायच्या आत साळूबाईला बोलावणं जायचं. बाळंतपणासाठी नव्हे, ते म्हशीचं म्हैस बघून घेई. बोलावणं असायचं चिकासाठी. व्याल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांचं ते पिवळसर, दाट दूध. त्यात साधं दूध किती मिसळायचं, गूळ किती चिरायचा, वाफ किती द्यायची, हे वाडीतल्या सगळ्याच बायकांना ठाऊक होतं. तरी खरवस लावायला हात मात्र साळूबाईचाच लागायचा. तिच्या हातचा खरवस कापला तर कड धरायचा आणि तोंडात घातला तर विरघळायचा. ही दोन्ही कामं एकाच खरवसाकडून करून घेणं किती अवघड आहे, ते चुलीपुढं बसून ज्यांनी डोळ्यांची आग करून घेतली आहे त्यांनाच विचारावं.

तिच्या आवडीनिवडी मोठ्या कडक. पहिल्या दिवसाच्या चिकाचा खरवस तिला खपत नसे, दातांखाली करकरतो म्हणायची. चांगला तो दुसऱ्या दिवसाचा. गूळ काळा हवा, भांड्याच्या तळाशी हळदीचं पान हवं आणि वर काही नको. गरम गरम खायला बसणाऱ्याच्या हातातली वाटी ती खुशाल काढून घ्यायची. रात्रभर गार होऊ द्यावा आणि सकाळी भाकरीबरोबर खावा, हा तिचा नियम. भोरातल्या घरांत साखर-वेलदोडे घालून जो खरवस करतात त्याला ती खरवस म्हणायलाच तयार नव्हती. "त्यो पेढ्याचा चुलतभाऊ हाय," असं म्हणून ती त्याला वाटेला लावायची.

चीक विकायचा नाही, वाटायचा, ही तिथली रीत. पहिली वाटी वाघजाईला आणि मग एकेका घरी. वाघजाईची वाटी साळूबाई स्वतः लावायची आणि डोंगराच्या अंगाला असलेल्या ठाण्यावर स्वतः नेऊन ठेवायची. तेवढ्या वाटेपुरती ती जरा ताठ चालायची. नवरा रखमाजी दम्यानं खंगलेला, ओट्यावर बसून दोऱ्या वळणारा. घरात एकच मुलगा, भिमा. शेत म्हणाल तर डोंगरउतारावरची नाचणी आणि खाली भाताचं एक खाचर. पण वाडीत तिचं नाव होतं, आणि ते या हातामुळं होतं. तिला ते ठाऊक होतं आणि थोडा तोराही होता. का नसावा?

ही गोष्ट एकोणीसशे चोवीस सालातली. भाटघरला जुन्या धरणाच्या खाली नवं, मोठं धरण बांधायचं काम चाललं होतं. अर्ध्या खोऱ्याचे तरुण तिथं दगडाच्या कामाला जात, भिमाही जाई. धरणाजवळच्या टेकाडावर एका गोऱ्या साहेबाचा बंगला होता. तो साळूबाईला दुधाचं रोजचं गिऱ्हाईक म्हणून मिळाला. चांदी नावाची तिची म्हैस होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. सकाळी चांदीचं दूध काढायचं, डोक्यावर चरवी घ्यायची आणि दीड कोस उतरून बंगल्याच्या मागल्या दारी उभं राहायचं. दूध दिल्यावर भांडी घासायचं कामही हळूहळू तिच्याकडं आलं.

मागल्या दारी राज्य होतं एका गोवेकर खानसाम्याचं. माणूस मनानं चांगला, तोंडानं फाटका. त्याच्या कपाटात साहेबाच्या खाण्याच्या नाना वस्तू असत. पुण्याहून कापूरहोळमार्गे मोटार आली की त्या यायच्या. एकदा त्यानं साळूबाईला कपाट पुसायला सांगितलं. कोपऱ्यात एक दगडी बरणी सापडली. झाकण उघडलं तर आत पांढरा गोळा, त्यात निळ्या-हिरव्या बुरशीच्या शिरा आणि वास असा की पावसाळ्यात गोठ्यातलं शेण चार दिवस काढलं नाही तर येतो तसा. साळूबाईला खानसाम्याची दया आली. पुरुषमाणूस, किती बघणार बिचारा? तिनं गोळा उकिरड्यावर टाकला, बरणी राखेनं तीनदा घासली, उन्हात पालथी घातली आणि आपणहोऊन केलेल्या कामाचं समाधान घेऊन बसली.

खानसाम्यानं कपाळावर हात मारून घेतला. ते नासलेलं नव्हतं. तेच साहेबाचं सगळ्यांत आवडतं चीज होतं, विलायतेहून आलेलं.

"चीज? कशाचं चीज?" साळूबाईनं विचारलं. तिला तो शब्द ठाऊक होता. कष्टाचं चीज झालं, पोराच्या शिक्षणाचं चीज झालं, असं माणसं म्हणतातच.

"दुधाचं," खानसामा ओरडला. "दूध मुद्दाम फोडतात, पाणी काढून टाकतात आणि राहील ते दाबून ठेवतात. त्याचं चीज!"

"दूध नासवल्यावं त्येचं चीज कसं व्हईल?" साळूबाई म्हणाली. तिनं थट्टेनं विचारलं नव्हतं. तिला ते खरंच कळेना.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या खोऱ्यात दूध आपसूक नासलं तरी बायका गप्प होत. नासलेलं दूध पायवाटेवर सांडायचं नाही, झाडाच्या मुळाशी ओतायचं, भांडं घासून दिवसभर वापरायचं नाही. आणि विरजणाची गोष्ट वेगळी, पण दूध फोडायला त्यात जाणूनबुजून आंबट किंवा खारट टाकणं म्हणजे म्हशीच्या कासेवर हात उगारणंच. तसं केलं की सडातनं रक्त येतं, असं आजीनं आईला आणि आईनं साळूबाईला सांगितलेलं. हे खरं की खोटं याची शहानिशा कुणी केली नव्हती. कारण तसं कुणी केलंच नव्हतं.

पावसाळ्यात खानसाम्याला हिवतापानं गाठलं आणि साहेबाचं पोट बिघडलं, दोन्ही एकाच आठवड्यात. डॉक्टरानं साहेबाला डब्यातलं आणि बरणीतलं काही खायला बंदी केली. ताजं, मऊ चीज घरीच करून द्या म्हणाला. खानसामा घोंगडीत थडथडत पडलेला. तिथूनच त्यानं साळूबाईला सांगितलं, दूध तापव, लिंबू पिळ. तिनं सरळ नाही म्हटलं. तो विनवण्या करू लागला. साहेबानं दुसरा माणूस आणला तर या वयात कुठं जाऊ, म्हणू लागला. शेवटी साळूबाईनं आपल्यापुरती एक पळवाट काढली. बंगल्यावर खालच्या गवळ्याचंही दूध येत असे. ते नासवायचं. चांदीच्या दुधाला हात लावायचा नाही.

तिनं लिंबू पिळलं तेव्हा डोळे मिटले होते. उघडले तेव्हा भांड्यात पांढऱ्या गाठी आणि हिरवट पाणी वेगळं झालेलं. पण हात तो हातच. कापडात गाठी कशा बांधायच्या, वर केवढा दगड ठेवायचा, किती वेळानं उलटायचं, हे दुसऱ्याच दिवशी तिच्या बोटांना कळून चुकलं. आठवड्यात साहेब म्हणाला, की असं चीज विलायतेतही मिळत नाही. खानसामा बरा झाला तरी ते काम साळूबाईकडंच राहिलं.

पुढच्या दोन वर्षांत तिनं चीज पुष्कळ पाहिलं. लाल मेणात गुंडाळलेला गोळा यायचा. साहेब त्याचे कागदासारखे पातळ काप करून बिस्किटाबरोबर खायचा. तिला तो चपलेच्या तळव्यासारखा लागला. डब्यातलं पिवळं चीज उन्हाळ्यात तेल सोडायचं, पण खानसामा ते पावावर घालून निखाऱ्यावर धरायचा तेव्हा सुटणाऱ्या वासानं तिच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि ती चिडून भांडी जोरात घासायची. निळ्या शिरांचं ते बरणीतलं साहेबाला पोट बरं झाल्यावर पुन्हा मिळू लागलं. जेवण झाल्यावर तो ते चिमूटभर जिभेवर ठेवून डोळे मिटून बसे. तिला त्याचा शेवटपर्यंत तिटकारा राहिला. ताज्या पांढऱ्यावर साहेब मीठ-मिरपूड टाकून खायचा.

आणि एकदा तिनंही खाल्लं. आपणच केलेल्या चिजाचा तुकडा, निखाऱ्यावर दोन्हीकडून डागलेला, नाचणीच्या भाकरीवर, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. मागल्या दाराच्या पायरीवर बसून, कुणी बघत नाही अशी खात्री करून. तिला ते आवडलं. नुसतं आवडलं नाही, खरवसाइतकं आवडलं. त्या दिवशी ती घरी आली ती मान खाली घालून. चोरी केल्यासारखं वाटत होतं आणि नेमकं काय चोरलं ते सांगता येत नव्हतं. वाडीत तिनं यातलं अवाक्षर काढलं नाही. बंगल्यावर भांडी घासते, एवढंच सगळ्यांना माहीत.

सव्वीस सालच्या उन्हाळ्यात भिमाची बायको फुलाबाई बाळंत झाली. कामथडीची पोरगी, अंगानं किरकोळ. मुलगी झाली. दीड महिन्यात फुलीला ताप भरला आणि तिचं दूध आटलं. मग बाळाला चांदीचं दूध पाणी घालून बोंडल्यानं पाजू लागले. ते काही तिच्या पोटात टिकेना. प्यायली की ओकायची. अंगारा झाला, वैदूचा पाला झाला, वाघजाईला नारळ झाला. पोर रोज वितळत चालली. रडायचा आवाजही बारीक झाला. घरात बायका येऊन बसू लागल्या. त्या कशासाठी येऊन बसतात ते सगळ्यांना कळतं आणि कुणी बोलत नाही.

त्यांच्यात बनाबाई होती. तिची आणि साळूबाईची घरं भिंतीला भिंत लागून. दोघी एकाच वर्षी या वाडीत नवऱ्या म्हणून आल्या, एकाच जात्यावर दळल्या. बनाबाई धर्माची पक्की, रीतीची त्याहून पक्की.

साळूबाईला आठवत होतं, साहेबाचं पोट बिघडलं तेव्हा खानसाम्यानं तिच्याकडून त्याला पहिले चार दिवस काय द्यायला लावलं होतं. गाठी नव्हे, कापडातून गळलेलं ते हिरवट पाणी. तेवढंच त्याच्या पोटात राहिलं होतं. हे तिला तीन दिवसांपासून आठवत होतं. तीन दिवस ती ते मनातल्या मनात दडपत होती, कारण इथं गवळ्याचं दूध नव्हतं. इथं दूध चांदीचं, चूल स्वतःची आणि ओट्यावर सगळी वाडी. चौथ्या दिवशी दुपारी बाळ डोळे उघडेनासं झालं.

साळूबाई उठली. चुलीवर दूध ठेवलं. फडताळातून लिंबू काढून विळीवर चिरलं.

"साळे," बनाबाई दारातून म्हणाली, "लिंबू कशाला?"

साळूबाईनं चुलीत लाकूड पुढं सारलं.

"साळे, दूध हाय ते! अगं म्हशीचं वाटुळं करतीस व्हय?"

"म्हशीचं व्हईल ते व्हईल," साळूबाई म्हणाली, आणि पिळलं. या खेपेला डोळे मिटले नाहीत.

दूध फुटलं. तिनं स्वच्छ धडप्यातून पाणी गाळलं, कोमट केलं, बोंडल्यात घेतलं आणि थेंब थेंब पोरीच्या ओठात सोडलं. फुली खाटेवरून बघत होती. पोर ओकली नाही. तासाभरानं पुन्हा पाजलं, पुन्हा ओकली नाही. संध्याकाळी ती जरा मोठ्यानं रडली, तेव्हा भिमा तोंड फिरवून भिंतीकडं बघत राहिला. साळूबाईचा जीव भांड्यात पडला. आठ दिवसांनी पोरीनं मूठ वळली. महिन्याभरानं साधं दूध पचू लागलं. तिचं नाव तान्हू ठेवलं.

आणि त्याच महिन्यात चांदीची कास सुजली. एका सडातून रक्त आलं.

तुम्ही-आम्ही म्हणू, जनावराला होतं असं. पावसाळी चिखलात बसणाऱ्या म्हशींच्या कासा सुजतातच. वाडीतही दरसाल एखादीची सुजायचीच. पण हे आपल्याला सुचतं, कारण चांदी आपली नव्हती. साळूबाईनं ते लालसर दूध हातात धरलं. आपणच केलं हे, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. तिनं चांदीच्या मानेला मिठी मारली आणि ती हमसून हमसून रडली. तसं ती स्वतःच्या आईसाठीही रडली नव्हती. चांदी वाचली, पण तो सड कायमचा आटला.

वाडीनं तिला वाळीत टाकलं नाही. तशी माणसं वाईट नव्हती. लावणीला हाक यायची, पाणवठ्यावर जागा मिळायची, लग्नात मानानं बोलावणं यायचं. फक्त दुधाला तिचा हात लागू देईनात. त्या दिवाळीनंतर कोंडिबाची म्हैस व्याली आणि चिकाला बोलावणं आलं नाही. साळूबाई दोन दिवस दाराकडं कान लावून होती. तिसऱ्या दिवशी बनाबाई वाघजाईची वाटी घेऊन तिच्या दारावरून गेली. वाटी पदराखाली झाकलेली होती, तरी वाफेचा वास आलाच. खरवस जरा जास्त शिजला होता. साळूबाईला ते वासावरूनच कळलं, आणि ते सांगायला कुणी नव्हतं.

तिनं स्वतःच्या घरचा चीक एकदा वाटून पाहिला. घरोघरी वाट्या घेतल्या, कुणी परत पाठवल्या नाहीत. संध्याकाळी उकिरड्यापाशी कुत्री भांडताना दिसली. त्यानंतर तिनं वाटला नाही.

"तुज्या हातचं मला चालतंय की," रखमाजी ओट्यावरून म्हणाला. "म्या काय मानूस न्हाई व्हय?" त्याचं ते बोलणं तिला पुढं पुष्कळ दिवस पुरलं. पुढं तोही गेला.

धरण झालं, पाणी चढलं, साहेब गेला, खानसामा गेला. चीज हा शब्द त्या वाडीत पुन्हा कुणी उच्चारला नाही. कष्टाचं होतं तेवढंच. साळूबाई देवीच्या ठाण्यावर रिकाम्या हातानं जायची आणि दुरून पाया पडायची. तान्हूकडं बघून मात्र एकदाही तिच्या मनात आलं नाही, की नसतं केलं तर बरं झालं असतं. म्हशीपुढं आणि देवीपुढं ती स्वतःला गुन्हेगार समजत होती आणि तोच गुन्हा पुन्हा करायला तयार होती. या दोन्ही गोष्टी एकाच मनात घेऊन ती सोळा वर्षं जगली. तान्हू वाढली, कामथडीलाच आईच्या माहेराजवळ दिली.

बेचाळीस सालच्या भाद्रपदात बनाबाईची सून बाळंतपणाच्या तापात गेली. मागं राहिलं वीस दिवसांचं पोर. त्याला म्हशीचं दूध पाजत होते. भिंतीपलीकडून त्याचं रडणं साळूबाईला ऐकू यायचं. पाचव्या-सहाव्या दिवशी ते बारीक झालं. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. ती दोनदा उठली आणि दोनदा खाली बसली. न बोलावता कुणाच्या चुलीपाशी आणि कुणाच्या दुधापाशी जायचं?

दुपारी दारात सावली पडली. बनाबाई होती. डोक्यावरचा पदर नीट नव्हता, आणि तिचा पदर कधी ढळलेला साळूबाईनं पाहिला नव्हता.

"साळे," ती म्हणाली, आणि पदर डोक्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, "त्ये पानी. तान्हूला पाजलंतंस त्ये."

साळूबाईनं पाट पुढं सरकवला. बनाबाई बसली नाही.

"मागल्या दारानं दूध आनून दीन. तुज्या चुलीवं कर. कुनाला कळायचं न्हाई."

"माज्या चुलीवं न्हाई," साळूबाई म्हणाली. बनाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. साळूबाई उठून उभी राहिली. गुडघे कुरकुरले. "तुज्या चुलीवं. आन दार उगडं ठेवून."

भर उन्हात दोघी म्हाताऱ्या अंगणातून गेल्या. समोरच्या ओट्यावरचा कोंडिबा उठून बघू लागला. बनाबाईनं दार उघडं ठेवलं. चूल पेटवली, दूध ठेवलं, लिंबू चिरलं आणि दोन्ही फोडी साळूबाईपुढं धरल्या. साळूबाईनं हात पदरात घेतले होते, ते बाहेर काढले नाहीत.

"तू पिळ," ती म्हणाली.

"म्या?"

"नातू तुजा हाय. दूध तुज्या म्हशीचं हाय."

कोपऱ्यात पोर कण्हलं. बनाबाईचा हात दुधावर आला आणि तिथंच थांबला. "साळे, म्हशीला काय झालं तर गं?"

साळूबाईला वाटलं होतं, हा प्रश्न कधी ऐकायला मिळाला तर मन निवेल. ते निवलं नाही. समोर एक घाबरलेली बाई होती, एवढंच.

"व्हईल, न्हाई बी व्हनार," ती म्हणाली. "मला ठावं न्हाई. म्या पिळलं तवाबी ठावं नव्हतं."

बनाबाईनं पिळलं. दूध एकदम फुटलं, गाठी वर आल्या. ती त्या भांड्याकडं बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"सोळा वरसं, साळे," ती म्हणाली. "सोळा वरसं म्या तुला..."

"कापड नीट धर," साळूबाई म्हणाली. "पानी सांडतंय."